तार आणि रवा
चांदी आणि काच या दोन द्रव्यांचा स्वभाव इतका भिन्न आहे की, एकाच ज्योतीत त्यांना एकत्र नांदवावे ही कल्पना ज्या कुणास प्रथम सुचली असेल, त्याच्या धैर्याचे मला अजूनही कौतुक वाटते. चांदीस वितळण्याची निश्चित मर्यादा आहे; ९६२ अंश सेल्सिअसच्या सुमारास ती घनाची द्रव होते आणि तोवर कितीही तापली तरी आपला आकार सोडीत नाही. काचेस अशी मर्यादाच नाही. ती हळूहळू नरमते, मधासारखी ओघळू लागते, आणि नेमक्या कोणत्या क्षणी ती घन राहिली नाही हे कुणास सांगता येत नाही.

माझे आजोळ कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीचे, म्हणजे चांदीच्या पैंजणांवर पोसलेल्या गावाचे. उतरत्या भोकांच्या पोलादी जंतरातून चांदीची कांब पुनःपुन्हा ओढून आजोबा तिची तार काढीत, आणि ओढून ओढून ताठर झालेल्या तारेस मधूनमधून ताव देऊन मऊ करीत. त्या तारेचे बारीक तुकडे कोळशावर मांडून त्यांनी फुंकणीने ज्योत वळवली की, प्रत्येक तुकडा क्षणभर थरथरे, आखडे आणि गोल रवा होऊन स्थिर बसे. गोलच का, या माझ्या प्रश्नास ‘चांदीचा दस्तूरच तसा’ एवढेच उत्तर मिळे. द्रवाचा पृष्ठभाग स्वतःस होईल तितका आक्रसून घेतो, हे शास्त्रीय कारण पुढे महाविद्यालयात कळले. परंतु त्या थरथरण्यातील आश्चर्य त्यामुळे उणे झाले नाही.

मधली वर्षे संसाराची. गळ्यात काळी पोत होती, तिचे मणी काचेचे होते, आणि काचेविषयीचे माझे कुतूहल तेवढ्यावरच थांबलेले होते. पुढे मुलाकडे युरोपात गेले असता मुरानो बेट पाहण्याचा योग आला. आगीच्या भयाने १२९१ साली व्हेनिसच्या सत्तेने काचेच्या भट्ट्या शहरातून हलवण्याचा हुकूम काढला, तेव्हापासून या बेटाचा आणि काचेचा संबंध दृढ झाला. तेथे एका बाईंनी पोलादी सळईवर हस्तिदंती रंगाच्या काचेचा मणी वळला, त्यावर केसासारखी बारीक चांदीची तार गुंडाळली आणि मणी पुन्हा ज्योतीत धरला. तार थरथरली, ठिकठिकाणी तुटली, आणि मण्याच्या अंगावर रव्यांची ओळ उमटली. हुपरीचा कोळसा आणि ही परदेशी ज्योत यांत चांदीने काहीही भेद केला नव्हता.

परत आल्यावर मी ही विद्या शिकले. मणी सळईस चिकटून बसू नये म्हणून तिला आधी मातीचा लेप द्यावा लागतो. तारेचे टोक काचेस घट्ट चिकटवून मगच तिचे वेढे घ्यावे लागतात, आणि ते लोखंडी पट्टीवर दाबून बसवावे लागतात. तार शुद्ध चांदीची हवी. साडेसात टक्के तांब्याच्या मिश्रणाची चांदी दागिन्यास उत्तम, पण ज्योतीत त्या तांब्याची काजळी धरते. ताप अधिक झाला तर रवे काचेत बुडतात किंवा उडून जातात, आणि भोवती पिवळसर छटा राहते. हीच छटा, चांदीच्या क्षारांपासून हेतुपूर्वक काढलेली, युरोपातील चर्चच्या खिडक्यांत चौदाव्या शतकाच्या आरंभापासून दिसते. हस्तिदंती काचेवर मात्र रव्याभोवती तपकिरी, काळपट कडा येते, आणि ती कोणत्याही दोन वेळा सारखी येत नाही. रवा कोठे पडावा याची तजवीज हाताकडे आहे. त्याच्या भोवती काय उमटावे याचा अंमल सर्वस्वी ज्योतीचा. घडून झालेला मणी पाचशे अंशांच्या आसपास ठेवून अतिशय सावकाश निववावा लागतो, अन्यथा आतल्या ताणाने तो तडकतो.

काही कारागीर या रव्यांवर पारदर्शक काचेचा थर चढवतात, म्हणजे चांदी हवेपासून बंदिस्त होते आणि कायम उजळ राहते. त्या पद्धतीत कौशल्य अधिक लागते, हे मी मान्य करते. तरी माझे मणी मी उघडेच ठेवते. बोटास रवा लागला पाहिजे, असे मला वाटते. हवेतील गंधकाने तो काळवंडेल खरा, पण रोज अंगावर असलेली चांदी कापडाच्या आणि कातडीच्या घर्षणानेच उजळ राहते. म्हणून मणी देताना मी एवढेच सांगते की, हा डब्यात ठेवू नका, घाला.