अब्बांचा लंडनचा पाइप

अब्बा बोटीवर होते. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावात त्या काळी घरटी एखादा माणूस बोटीवर असायचाच. 1960 नंतर कधीतरी त्यांनी लंडनच्या गोदीजवळ एक पाइप घेतला. रमजानात तो दिवसभर कपाटावर असे. इफ्तार, नमाज उरकून अब्बा ओट्यावर बसले की काडी पेटल्याचा आवाज यायचा.

अब्बा घशाच्या कॅन्सरने गेले. हे आधीच सांगतो, कारण पुढे त्या पाइपाचं थोडं कौतुक येणार आहे. मी स्वतः तंबाखूला हात लावत नाही.

ते गेल्यावर दोन वर्षांनी अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. पैसे कमी पडत होते. जुने ब्रायरचे इंग्रजी पाइप हजारोंना जातात, असं भावाने कुठेतरी वाचलं होतं. अम्मी काही बोलली नाही, डबा काढून दिला. मी तो घेऊन मुंबईला चोरबाजारात एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं, मला विचारून रुमालाचं टोक स्पिरिटमध्ये बुडवलं आणि पाइपाच्या पोटावरून फिरवलं. रुमाल लालसर झाला आणि लाकडावर चार फिकट गुलाबी ठिपके उघडे पडले.

"लांबी भरी है मियां," ते म्हणाले. "दो सौ दूंगा."

मला वाटलं, हा फसवतोय. चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण त्यांनी चहा मागवला आणि समजावायला बसले. तिथे जे कळलं त्यात नंतर वाचून थोडी भर घातली, ते असं.

ब्रायर हे भूमध्य समुद्राभोवतीच्या डोंगरांवरच्या एका झुडपाचं लाकूड. कोर्सिका, कॅलाब्रिया, अल्जीरिया, ग्रीस इथे ते उगवतं. पाइप त्याच्या फांदीचा होत नाही. मूळ आणि खोड जिथे मिळतात तिथे जमिनीत एक गाठ वाढते, तिचा होतो. त्या डोंगरांवर वणवे लागतात, वरचं झुडूप जळून जातं, आणि या गाठीतून पुन्हा कोंब फुटतात. आगीतून वाचण्यासाठीच वाढलेलं हे लाकूड, त्यात माणसाने निखारा ठेवला! पाइपाजोगी गाठ व्हायला तीसेक वर्षं तरी जातात. मग ती खणून, कापून, तुकडे तांब्याच्या मोठ्या हंड्यांत तासन्‌तास उकळतात, म्हणजे आतला कडवट रस निघून जातो. त्यानंतर महिनोन्‌महिने सावलीत वाळवण. फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातल्या सेंट-क्लोद गावचे कारागीर आधी लाकडाच्या डब्या आणि माळांचे मणी कातायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते ब्रायरकडे वळले आणि गाव पाइपांचं झालं.

अडचण अशी की गाठ दगडमातीत वाढते, त्यामुळे तिच्या पोटात खडे आणि पोकळ्या राहतात. कातल्याशिवाय त्या दिसत नाहीत. एकही डाग न निघालेला पाइप विरळा. त्यावर सरळ उभ्या रेषा उतरल्या असतील तर किंमत विचारूच नका. थोडे डाग असले तर वाळूचा मारा करून पृष्ठभाग खडबडीत करतात. लंडनच्या डनहिल कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या काळात हे सुरू केलं आणि तोही प्रकार भाव खाऊ लागला. उरलेल्यांत लांबी भरायची, गडद रंग द्यायचा आणि स्वस्तात विकायचं. रंग उडाला की लांबी दिसते.

हे सांगता सांगता त्यांनी पाइप साफ करायची केसाळ तार दांड्यातून आत सारली. टोक बरोबर भांड्याच्या तळाशी निघालं. "छेद देखो," ते म्हणाले. छेद वर निघाला की तळाशी तंबाखू ओला राहतो, पाइप गुरगुरतो. आतला काजळीचा थर त्यांनी नखाने चाचपला. दीडेक मिलिमीटर, सगळीकडे सारखा. जास्त झाला तर तापून फुगतो आणि लाकूड तडकतं. वापरणाऱ्याने तो वेळोवेळी खरवडला होता. "पीनेवाले के लिए अच्छा पाइप था. बेचनेवाले के लिए नहीं."

म्हणजे हजारो रुपये मोजले जातात ते बहुतेक रेषांचे आणि नावाचे. ओढण्याशी त्यांचा संबंध थोडा. लाकूड नीट वाळलेलं आणि छेद नीट पडलेला, एवढंच तंबाखूला कळतं. आणि घशाला तर तेही कळत नाही.

मी पाइप परत आणला. अम्मीला ठिपके दाखवले, दोनशेचा आकडा सांगितला.

"त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "टोपलीतला घेतला होता त्यांनी, उतरलेल्या मालातला. ठिपके दिसायला लागले तेव्हा सुताराकडून लाल पॉलिश आणलं. दर ईदेच्या आधी एक हात मारायचे."

म्हणजे त्या रुमालाने पुसलं गेलं ते अब्बांचं पॉलिश होतं.

ऑपरेशनचे पैसे मामूंकडून उसने घेतले. पट्टी निघाल्यावर अम्मीने एकदा डबा उघडला, पाइप उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "चार नाहीत रे, पाच आहेत."