बुधवारची भिशी

1 ऑक्टोबर 1855 रोजी कल्याणपुढचे रूळ वाशिंदला येऊन थांबले. आसनगावपर्यंत ते जायला 1860 चा फेब्रुवारी उजाडला. मधली चार वर्षं मुंबईहून येणारी आगगाडी वाशिंदलाच संपायची. पुढे घाट फुटला, गाड्या पार उत्तरेत जाऊ लागल्या, पण नोकरदारांच्या हिशेबात आमचं गाव अजून टोकालाच आहे. सीएसएमटीपासून 80 किलोमीटर, आणि गाडी रखडली नाही तर दोन तासांच्या आत-बाहेर. टिटवाळ्याच्याही पुढे राहते म्हटलं, की फोर्टातल्या ऑफिसात लोक ‘अरेरे’ म्हणतात. हे ‘अरेरे’ मी इतकी वर्षं ऐकत आले, की ते माझ्या आडनावाला चिकटलंय असं वाटतं.

मग करोना आला आणि 22 मार्च 2020 च्या मध्यरात्री लोकल बंद झाली. ऑफिसने हातात लॅपटॉप दिला होता. शिवणयंत्राच्या टेबलावर तो मांडला आणि अख्ख्या घराने सुटकेचा श्वास टाकला. आता हिला पहाटे चारला उठायला नको, कल्याणला चेंगरायला नको. मीसुद्धा टाकला.

त्या दिवसांनी दिलं ते कबूल करायला हवं. जूनच्या पहिल्या पावसानंतर वाडीवरच्या बायका शेवळं घेऊन दारावर यायच्या, सोबत काकडं, कारण काकडांशिवाय शेवळं घशाला खाजतात. एरवी संध्याकाळी स्टेशनबाहेर उरलीसुरली, मलूल जुडी हाती लागायची. जुलैत आवणी चालू असताना मी दुपारी गच्चीवर उभी असायची. चिखलात वाकलेल्या बायका, पलीकडे पाऊस जरा उघडला की माहुलीचे सुळके. लग्न होऊन या गावात आले त्याला बरीच वर्षं झाली, पण वाशिंदची दुपार मला माहीत नव्हती. मुलगा शाळेचा अभ्यास करताना स्वतःशी मोठ्याने बोलतो, हेही माहीत नव्हतं.

पण सासूबाईंचं एक वाक्य होतं. “तू घरीच आहेस ना, मग तेवढा कुकर लाव.” वाक्यात खोट काढायला जागा नाही. घरीच होते. गॅसवाला आला, तू घरीच आहेस ना. जाऊबाईंना दवाखान्यात न्यायचंय, तू घरीच आहेस ना. रेंज फक्त खिडकीपाशी, पाऊस लागला की लाईट जाणार, आणि लाईट आली की बुडालेल्या दोन तासांचं काम रात्री. मिटिंगमध्ये माझं बोलणं सुरू झालं की शिट्टी व्हायची. साहेब हसून म्हणायचे, “आज काय बेत?” नवराही घरूनच काम करत होता, आतल्या खोलीत, दार लावून. त्याला ते वाक्य कधी कुणी ऐकवलं नाही. त्याचा दोष म्हणून सांगत नाही. दार लावून बसता येतं हेच मला सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी ते लावू दिलं असतं असं नाही.

तेव्हा कळलं की मला गाडी हवी आहे. ऑफिस नव्हे, गाडी.

कसारा लोकलचा लेडीज डबा बाहेरून बघणाऱ्याला नुसता गर्दीचा गोळा दिसतो. आत ते आमचं माजघर असतं. वाशिंदला चढलं की खडवली, टिटवाळा येईपर्यंत जागा नीट लागतात. कुणी मेथी निवडते, कुणी मटार सोलते, कुणी खांद्यावर डोकं टाकून झोपते आणि ठाणं आलं की तिला आम्ही उठवतो. नवरात्रात नऊ रंगांच्या साड्या, संक्रांतीला हळदीकुंकू, एकीचं डोहाळजेवणही डब्यात झालं. सासर, माहेर, ऑफिस या तिघांपैकी कुणाचाच हात पोचत नाही असे ते दोन तास. ते दगदगीचे आहेत हे खरं. ते माझे आहेत हेही खरं.

2020 च्या नवरात्रात त्या साड्या कपाटातच राहिल्या. पाचव्या माळेला, 21 ऑक्टोबरला, सरकारने सगळ्या बायकांना लोकल खुली केली, ती सकाळी 11 ते दुपारी 3 आणि संध्याकाळी 7 नंतर. या वेळात कुठल्या ऑफिसला जातात, हे वेळ ठरवणाऱ्याला कुणी विचारलं असेल का? पुढे 1 फेब्रुवारी 2021 पासून सगळ्यांना मुभा मिळाली: सकाळी 7 पर्यंत, दुपारी 12 ते 4 आणि रात्री 9 नंतर. आम्हाला जाणं जमत होतं, सातच्या आत निघायची सवयच आहे. येणं जमत नव्हतं. सीएसएमटीला नऊनंतर गाडी धरायची म्हणजे घरी अकरा. एप्रिलमध्ये तेही बंद झालं. शेवटी 15 ऑगस्ट 2021 पासून लसीचे दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यांना प्रवासाची परवानगी मिळाली. स्टेशनवर टेबल मांडून सर्टिफिकेट तपासत, त्यावर शिक्का मारत, मग खिडकीवर पास. तिकीट नाहीच, पासच. रांगेत मी एवढी खूश होते की मागच्या बाईंनी विचारलं, “पहिलीच नोकरी का गं?”

परत बोलावताना ऑफिसने पत्र पाठवलं होतं. एकत्र बसल्याने आपलेपणा वाढतो, विचारांची देवाणघेवाण होते, वगैरे. जगभरच्या कंपन्या हेच म्हणत होत्या. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत रिकाम्या इमारतींचं काय करायचं यावर खल चालू होता, इकडे टीसीएसने 1 ऑक्टोबर 2023 पासून पाचही दिवस हजर राहायला सांगितलं. (तारीख बघून मला हसू आलं. वाशिंदच्या गाडीचा वाढदिवस.) आमच्या ऑफिसात आता मी माझ्या खुर्चीवर बसते, कानात हेडफोन घालते आणि पलीकडच्या टेबलावरच्या माणसाशी स्क्रीनवर बोलते. आपलेपणा वाढायचा तेवढा ठाण्याच्या अलीकडेच वाढलेला असतो.

डबा मात्र पहिल्यासारखा भरला नाही. दादरला साडीच्या दुकानात काउंटरवर असणारी आमची एक मैत्रीण परतलीच नाही. दुकानाने माणसं कमी केली, ती आता वाशिंदच्याच बाजारात एका कापडवाल्याकडे असते, निम्म्या पगारावर. तिला वर्क फ्रॉम होम म्हणजे काय ते ठाऊकच नाही. आणि आमच्या सिस्टर, मुंबईत पालिकेच्या रुग्णालयातल्या. त्या कुठून परतणार? त्या गेल्याच नव्हत्या. गाड्या बंद होत्या तेव्हा त्या महामार्गावरून एसटीने जायच्या, 15 जून 2020 ला अत्यावश्यक सेवेसाठी लोकल सुटली तेव्हा लोकलने. रिकाम्या डब्यात एकट्या बसून, खाऊचा डबा न उघडता. त्यांनी हे सांगितलं तेही फार नंतर, मटार सोलता सोलता, मी माझ्या कुकरच्या शिट्ट्यांची गोष्ट रंगवून सांगत होते तेव्हा. मी गोष्ट अर्धीच सोडली.

आता ग्रुप जमतो तो तुकड्यातुकड्यांत. कुणाला मंगळवार ते गुरुवार बोलावतात, कुणाला सोमवार-बुधवार, सरकारी नोकरीतल्या सोमवार ते शुक्रवार येतात. मंत्रालयातल्या ताईंना तर 2020 मध्येच पाच दिवसांचा आठवडा मिळाला, फेब्रुवारीअखेर. तीन आठवडे जेमतेम उपभोगला आणि गाडी थांबली. पूर्वी जागा धरायची म्हणजे रुमाल टाकायचा. आता आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर विचारायचं, उद्या कोण कोण?

यात डब्यातल्या आमच्या भिशीची पंचाईत झाली. पूर्वी महिन्याच्या पहिल्या सोमवारी चिठ्ठी निघायची, पगार ताजा असायचा. आता सोमवारी निम्म्या जणी घरी. शुक्रवार म्हटलं तर उरलेल्या घरी. गुगल पे करा आणि चिठ्ठी व्हिडिओवर काढा, असं एक धाकटी म्हणाली, तेव्हा सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. चिठ्ठी डोळ्यांसमोर निघाली पाहिजे, डब्यात, कुणाच्या तरी लहान मुलीच्या हातून. खडवलीपासून कल्याणपर्यंत वाद चालला. बुधवार ठरत आला होता. कुणीतरी सिस्टरना विचारलं, “तुम्हाला बुधवार चालेल ना?”

“मला कुठलाही वार चालतो गं,” त्या म्हणाल्या. “मी रोजच येते.”