काटा मध्यावर



प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की क्षमेवर काहीतरी लिही, असं फादर दरवर्षी सांगतात. यंदा मी मोटारसायकलवर लिहितोय. हसू नका, विषय क्षमेचाच आहे.

आमचं महू हे फौजी गाव. १८१८ मध्ये इथे छावणी वसली. २००३ पासून सरकारी नाव डॉ. आंबेडकर नगर झालं, कारण बाबासाहेबांचा जन्म इथलाच. सैन्याच्या सिग्नल कोअरचं मोठं कॉलेजही इथेच आहे. पूर्वी वायरलेस नसेल तिथे निरोप घेऊन जाणारे जवान मोटारसायकलवरूनच धावत. त्यामुळे इथल्या पोरांना बुलेटचा आवाज पाळण्यापासून ओळखीचा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी इंग्लंडच्या या गाडीची मागणी नोंदवली आणि १९५५ मध्ये मद्रासला तिचा कारखाना उभा राहिला. पुढे इंग्लंडातली मूळ कंपनी बंद पडली, पण मद्रासची चालत राहिली.

आमचे बाबा सैन्यातून निवृत्त होऊन महूतच राहिले. १९९१ मध्ये त्यांनी लिलावातली एक जुनी ३५० सीसी बुलेट घेतली. सैनिकी हिरवा रंग खासगी गाडीला लावता येत नाही, तसा नियमच आहे. म्हणून बाबांनी अंगणात बसून, कानस आणि पॉलिश पेपर घेऊन आठ दिवसांत तो रंग खरवडला आणि गाडी काळी केली. मी तेव्हा अकरा वर्षांचा, धाकटा सहाचा. आम्ही दोघं पाणी ओतायला. टाकीच्या खालच्या बाजूला, हात पोचत नाही तिथे, थोडा हिरवा रंग राहून गेला. बाबा म्हणाले, "राहू दे. ती कुठून आली ते तिला आठवत राहील."

जुनी बुलेट चालू करणं म्हणजे एक संस्कारच असतो. तिचे गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. हेडलाइटच्या वर एक छोटं अँमीटर. चावी फिरवून किक हळूहळू दाबत गेलं की अँमीटरचा काटा एका बाजूला झुकलेला दिसतो, आणि एका जागी तो मध्यावर येतो. तिथे थांबायचं. डाव्या हाताशी असलेला डिकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढून किक आणखी जराशी खाली न्यायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकदाच, पूर्ण ताकदीने. काटा मध्यावर नसताना घाईने किक मारली, तर ती उलटी येऊन नडगी फोडते. बाबांचा धडा एकच होता: "काटा मध्यावर आल्याशिवाय पाय उचलायचा नाही."

बाबा देवाघरी गेल्यावर गाडी माझ्याकडे राहिली. म्हणजे मी ती आपली मानली. कागदपत्रं बाबांच्याच नावावर होती. वारसांच्या सह्या घेऊन आरटीओत नाव बदलायचं काम मी "बघू, करू" म्हणत ढकललं. धाकट्याला विचारलंसुद्धा नाही. रविवारी मी तिच्यावरून आसपासच्या गावांत धर्मशिक्षणाचे वर्ग घ्यायला जायचो. तेल बदलणं, चेन ताणणं, टॅपेट सेट करणं, सगळं माझ्या हाताने. मूळ भाग सोडून दुसरा स्क्रूही लावायचा नाही, हा माझा बाणा.

एकदा शिबिरासाठी मी चार दिवस बाहेरगावी होतो. परतलो तर गाडी नाही. धाकटा पीथमपूरला कारखान्यात कामाला आहे, तिथेच भाड्याने राहतो. तो गाडी घेऊन गेला होता. महिनाभराने ती दिसली तेव्हा माझ्याने ओळखवेना. मागचं मडगार्ड कापलेलं, हँडल उंच केलेलं, बाबांची दोन जणांची सीट जाऊन एकट्याची सीट आलेली, हेडलाइट दुसरा, अँमीटर गायब. आणि सायलेन्सर असा की खिडक्यांच्या काचा थरथराव्यात. मी चौकात, चार लोकांसमोर त्याला नको ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "दादा, माझे पण बाबा होते ना ते." गेला तो गेला. दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेलाही आम्ही वेगवेगळ्या बाकांवर होतो.

मी बरोबर होतो का? काही बाबतीत होतोच. तसला सायलेन्सर बेकायदा आहे, आजारी माणसाला आणि तान्ह्या लेकराला तो छळतो. मडगार्ड कापलं की मागच्याच्या अंगावर चिखल उडतो. गाडी आपल्या सोयीची करून घेण्यात काही चूक नाही. कॅरिअर लावा, लेगगार्ड लावा, पाठ दुखत असेल तर हँडल थोडं जवळ घ्या. पण आपल्या हौसेचा भार शेजाऱ्याने का सोसावा? हे मी आजही तरुणांना सांगतो. मात्र माणूस बरोबर असला की त्याला थांबणं जड जातं. वाहतूक पोलिसांत ओळख काढून धाकट्याला पकडून द्यावं, असाही विचार माझ्या मनात येऊन गेला. हे मी पापनिवेदनात सांगितलं आहे, म्हणून इथेही सांगतो.

एका शनिवारी मी प्रथम कम्युनियनच्या मुलांना प्रभूची प्रार्थना शिकवत होतो. आम्ही जशी क्षमा करतो तशी आम्हाला मिळो, या भागावर आलो आणि रस्त्यावरून तो आवाज गेला. मी बोलायचा थांबलो. आवाज विरेपर्यंत दात आवळून उभा राहिलो. एका मुलीने विचारलं, "सर, समोरच्याने सॉरी म्हटलंच नाही, तरी माफ करायचं?" मी म्हणालो, "हो." ती माझ्याकडे बघत राहिली. मुलांना सगळं कळतं.

त्या वर्षी २५ फेब्रुवारीला मी उदयनगरला गेलो. धन्य राणी मारिया यांचा तो स्मरणदिन. केरळमधून येऊन त्या या भागातल्या गरीब आदिवासींसाठी झटल्या. सावकारीच्या पिळवणुकीतून लोक सुटू लागले, ते काहींना सहन झालं नाही. १९९५ मध्ये याच तारखेला, इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांच्यावर सुरीचे वार झाले. २०१७ मध्ये इंदूरला त्यांना धन्य घोषित केलं तेव्हा आपल्यापैकी अनेक जण हजर होते. त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, २००२ मध्ये तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याच्या हाताला तिने राखी बांधली. पुढे त्याची सुटका व्हावी म्हणून घरच्यांनीही मान्यता दिली.

मी माझ्या रोजच्या शंभर सीसीच्या गाडीवरून गेलो होतो. इंदूर ओलांडलं की रस्ता डोंगरात शिरतो, पळसाला फुलं आलेली असतात. हे सगळं मी वर्गात कितीदा सांगितलं होतं. समाधीपाशी गुडघे टेकले तेव्हा मात्र एकच गोष्ट डोक्यात राहिली. त्या बाईने बहिणीच्या मारेकऱ्याला भाऊ म्हटलं. मी सख्ख्या भावाला एका मडगार्डपायी भाऊ म्हणायचं सोडलं.

लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायात उधळ्या मुलाची गोष्ट आहे. आपण ती धाकट्यासाठी वाचतो. पण थोरला घरीच होता, राबत होता, हिशेब ठेवत होता, आणि शेवटी दाराबाहेर उभा राहिलेला तोच होता. त्याला समजवायला बापालाच बाहेर यावं लागलं. त्याने भावाला भाऊ म्हटलंच नाही, तुमचा मुलगा म्हटलं. ते मीच.

परतताना घरी न येता मी थेट पीथमपूर गाठलं. संध्याकाळ झाली होती. दारात शब्द सुचेनात. शेवटी म्हणालो, "गाडी न विचारता मी पण ठेवली होती रे. माझं चुकलं." तो काही बोलला नाही. चहा आला. मग तो आत जाऊन पत्र्याची एक पेटी घेऊन आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं अँमीटर, बाबांची सीट आणि जुना हेडलाइट. "मडगार्ड आणि सायलेन्सर कबाड्याला गेले दादा," तो म्हणाला, "ते आता मिळायचे नाहीत." मग खाली वाकून टाकीखाली मोबाईलचा उजेड धरला. "हे मात्र मी पेंटरला खरवडू दिलं नाही." हिरवा रंग तसाच होता.

सगळं काही जसंच्या तसं झालं, असं लिहिलं तर खोटं होईल. हँडल अजून उंचच आहे, त्याला तसंच आवडतं. साध्या सायलेन्सरचे पैसे आम्ही निम्मे निम्मे घातले. नाव बदलायच्या अर्जावर दोघांच्या सह्या झाल्या आहेत, गाडी त्याच्या नावावर होते आहे. पहिला आणि तिसरा रविवार माझा. अँमीटर आम्ही मिळून बसवलं. वायर उलटी जोडली म्हणून काटा उलटा फिरायला लागला आणि आम्ही दोघं हसलो, कितीतरी वर्षांनी.

प्रियजनहो, या चाळीस दिवसांत आपण काय खाणार नाही, हे आपण ठरवतोच. त्याबरोबर एक नाव आठवून पाहा. ज्याची गाडी, ज्याचं दार, ज्याचा आवाज आला की तुमचे दात आवळले जातात, त्याचं. रागात किक मारू नका, आधी काटा मध्यावर येऊ द्या. पण एकदा आला, की मग जास्त वेळ उभे राहू नका.

प्रभू येशू, दाराबाहेर उभ्या राहिलेल्या थोरल्यांना आत घे. आमच्या घरांत अबोला धरून बसलेल्या भावाबहिणींना एका बाकावर बसव. रस्त्यावरच्या प्रत्येक लेकराला सुखरूप घरी आण. आमेन.