खुजी मोटार आणि शाहपुऱ्याचे रस्ते

देवाची पालखी उतारावरून चालली असता भोयांचे गुडघे किंचित दुमडलेले असतात. गोव्यातील देवळांचे उत्सव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस स्प्रिंग म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. खड्डा भोयाने गिळावयाचा, मूर्तीपर्यंत त्याची वार्ता जाऊ द्यावयाची नाही. मोटारीची स्प्रिंग हाच धर्म पाळते. मात्र तिचे गुडघे किती दुमडावेत हे आधी ठरवून घ्यावे लागते.

आम्ही राहतो भोपाळात, शाहपुऱ्याच्या तलावाजवळ. माझ्या भाच्याने स्वतःच्या कमाईच्या मोटारीला कॉइलओव्हर बसविले. शॉकॲब्सॉर्बरभोवती गुंडाळलेली स्प्रिंग आणि आटे फिरवून उंची कमी करण्याची सोय, असे हे प्रकरण. गाडी ४० मिलिमीटर खाली बसली. ती देखणी झाली, हे मी नाकारणार नाही. परंतु त्याच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, तीतून अरेरा टेकडीवरील लक्ष्मीनारायणाच्या देवळास जाणे दोन गुरुवारांतच सोडले. तिचा कणा ७८ वर्षांचा! भाचा मनातून खजील झाला आणि त्याने सारा दोष स्प्रिंगच्या ताठपणास दिला.

वस्तुतः स्प्रिंग निरपराध होती. कंपनीच्या मूळ स्प्रिंगा पुढील चाकांस दर मिलिमीटरला सुमारे पावणेदोन किलो. नव्या ६ किलोच्या. हा फरक दुकानदाराची लहर नव्हे. मूळ गाडीत चाकास वर येण्यास ८० मिलिमीटर वाव होता. गाडी ४० नी उतरल्यावर उरला निम्मा. स्प्रिंग जो धक्का पोटात घेते तो ताठपणाच्या आणि दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वाव निम्मा झाला की तोच धक्का सोसण्यास ताठपणा चौपट हवा, म्हणजे ७ किलो! एरवी चाक रबरी ठोकळ्यावर आदळते, आणि तो आघात कोणत्याही ताठ स्प्रिंगहून वाईट. काही कॉइलओव्हरांत स्प्रिंगला हात न लावता खालचा भाग आखूड करता येतो खरा. पण चाक आणि वरची कमान यांतील अंतर त्याने वाढत नाही. म्हणून आधी उंची ठरवावी. ताठपणा तिच्या पाठोपाठ येतो.

आणि उंची ठरवावयाची रस्ता पाहून. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकास ३.७ मीटर रुंदी व १० सेंटिमीटर उंची सांगितली आहे. गल्लीतील हौशी उंचवटे त्या मापास क्वचितच जुमानतात. शिवाय या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचे डांबर लाटांसारखे वरखाली होते.

दर चाकावर २६० किलो भार धरला, तर मूळ स्प्रिंगवर गाडी सेकंदास १.३ वेळा झुलते. ६ किलोच्या स्प्रिंगवर २.४ वेळा. बसलेल्या माणसाचा देह ४ ते ८ या पट्ट्यातील कंपनांस सर्वांत हळवा असतो. गाडी त्या दिशेने सरकत होती, आणि तरुण पाठीस ती ‘चपळ’ वाटत होती, एवढेच.

आम्ही कागद घेऊन बसलो. गाडी २० मिलिमीटरच खाली ठेवली तर ६० चा वाव राहतो. त्यास पुरतात ३ किलोच्या स्प्रिंगा, झोका १.७. भाच्याने २० मिलिमीटरसाठी पुष्कळ वाद घातला. शोभेचा अर्धा वाटा देणे सोपे नसते. मागील स्प्रिंग आडव्या कण्यावर चाकाच्या आत बसते. चाक १० हलले तर ती ८ हलते. या गुणोत्तराचा वर्ग घ्यावा लागतो, म्हणून तिच्या ताठपणाचे चाकास मिळतात शेकडा ६४. मागचा झोका पुढच्यापेक्षा थोडा जलद हवा, हे जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या मॉरिस ओली यांनी १९३० च्या दशकात दाखविले. उंचवटा मागच्या चाकास उशिरा भेटतो. मागची बाजू चपळ असली तर पुढचीस गाठते आणि डुलणे शमते. शॉकॲब्सॉर्बरची पकड स्प्रिंगप्रमाणे जुळवून घ्यावी लागली, ते निराळेच. आणि वाहनात फेरफार करण्यावर कायद्याची बंधने आहेत, तेव्हा परिवहन कार्यालयात विचारणे ओघानेच आले.

नव्या स्प्रिंगा बसल्यावर आई मागे बसली, शेजारी नारळांची पिशवी. टेकडी चढून देवळाच्या दाराशी पोहोचेपर्यंत ती काही बोलली नाही. उतरताना तिने भाच्यास विचारले, ‘पुढच्या गुरुवारी किती वाजता येशील?’