शिळफाट्याचा खड्डा

मुंब्र्याहून कल्याणला जाताना शिळफाट्याच्या पुढे पावसाळ्यात रस्ता दिसत नाही, पाणी दिसते. अशाच पाण्याखालच्या खड्ड्यात आमची मोटारसायकल आपटली. मागे लेक होती. पडलो नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण हँडल एका बाजूला ओढू लागले आणि पुढच्या शॉकअपचे तेल गळून ब्रेकच्या डिस्कपर्यंत आले. मग ब्रेक काय लागणार!

कल्याणात एका उस्तादांनी दोन्ही पाईप उतरवून काचेवर फिरवून पाहिले. एक सरळ फिरला, दुसरा डगमगला. महिनाअखेर होती. आम्ही म्हणालो, "उस्ताद, प्रेसवर बेंड काढून द्या, स्वस्तात होईल." त्यांनी आमचे बोट वाकलेल्या जागेवर ठेवले. तिथे सुरकुती होती.

"नुसता वाकला असता तर काढला असता, मास्तर. हा सरळ होईल, पण पुढच्या खड्ड्यात इथेच मोडेल. मागे बच्ची बसते ना?"

त्यांच्याकडे एक जुना पाईपही होता, पण त्याला गंजाचे बारीक खड्डे. नवे सील त्यावर घासून फाटले असते. शेवटी पाईप एकच नवा घेतला. सील दोन्हींची बदलली, तेल दोन्हींत मापून सारखे भरले. निम्मे पैसे उस्तादांनी पगारापर्यंत थांबवले.

परतताना फाट्याजवळ लेकीने आमचा शर्ट घट्ट धरला.