पाहणीवाले गावात येतात तेव्हा

मुळशी धरणाजवळचे माले हे ताम्हिणीच्या वाटेवरचे गाव. त्यामुळे पाहणी करणाऱ्या मंडळींची इकडे सतत ये-जा असते. कोणाला धरणग्रस्तांवर प्रबंध लिहायचा असतो, कोणाला बचत गटांवर. आम्ही पोटासाठी कारकुनी करतो आणि सुट्टीच्या दिवशी समाजकार्य. म्हणून "वस्तीत ओळख करून द्या" म्हणत ही मुलेमुली आमच्याकडे येतात. गेली पंधरा वर्षे अशा अनेक मुलाखतींना आम्ही शेजारी बसलो आहोत.

छापील फॉर्मपेक्षा मुलाखत केव्हाही सरस, असे आमचे मत आहे. फॉर्म भरणे हा तर आमचा रोजचाच धंदा! "व्यवसाय?" असे विचारले की राब भाजणारी, भात लावणारी, डोक्यावर मोळी वाहणारी बाई सांगते, "काही नाही, घरीच असते." फॉर्मवर 'गृहिणी' असे लिहिले जाते आणि तिचे सारे कष्ट एका शब्दात पुसले जातात. तेच एखाद्या शहाण्या मुलीने विचारावे, "मावशी, आज उठल्यापासून काय काय केलंत?" मग अर्धा तास बोलणे थांबत नाही.

पण मुलाखतीतले उत्तर हे विचारणाऱ्याकडे पाहून दिलेले असते. माणूस सरकारी वाटला की उत्पन्न कमी होते. सासू दारात बसली की सुनेला कसलाच त्रास नसतो. नवरा असला तर तोच उत्तरे देतो, बाई नुसती मान हलवते. आणि जातीचा प्रश्न निघाला की, "आता कुठं राहिलंय तसं?" पाहुणे एस.टी.त बसले की खरी हकीगत आमच्या कानी येते. ती प्रबंधात कधीच जात नाही.

तरीही विचारलेच नाही तर काय होते? मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची मोठी परिषद झाली. अशा परिषदांना जाणाऱ्या, घरी मुले ठेवून सभा करणाऱ्या बायांची नावे कोणत्या दप्तरात सापडणार होती? आता आठवणीत साल चुकते, दोन सभा एक होतात, हे खरेच. त्यासाठी 'जनता'चे जुने अंक पडताळून पाहावे लागतात. पण पडताळायलाही आधी कोणी तरी सांगितलेले असावे लागते.

आमच्या मुळशीत आणखी एक वाट निघाली. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. नवऱ्याविषयी, माहेराविषयी, बाईच्या जन्माविषयी जे प्रश्नाला उत्तर म्हणून तोंडातून निघाले नसते, ते जात्याशी निघाले. मुळशीतल्याच बाया ओव्या गोळा करणाऱ्या झाल्या, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. विचारणारी आपल्यातलीच असली की लाज निम्मी होते. (अर्थात आपल्या माणसापासूनच लपवायच्या गोष्टीही असतात. त्या परक्याला चटकन सांगितल्या जातात, हेही आम्ही पाहिले आहे.)

मात्र एक नुकसान आता भरून येणारे नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली येथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. राजेंद्र व्होरांनी पुढे त्यावर संशोधन केले, तोवर सत्तर वर्षे लोटली होती. जमीनमालक, सावकार, पुढारी कागदांत सापडतात. पण ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या बांधावर राबत होता, त्याची झोपडी पाण्यात गेली तेव्हा तो कुठे गेला, हे मोबदल्याच्या कागदात येणार कसे? त्याला विचारायला हवे होते. आता तो नाही, त्याची मुलेही बहुतेक गेली.

गेल्या वर्षी एका आजीने मुलाखत संपल्यावर विद्यार्थ्याला म्हटले, "काय लिहिलंस ते वाचून दाखव की." त्याला गाडी गाठायची होती. वही पिशवीत गेली.

बुडालेल्या गावांची नावे, आईकडून ऐकलेली, ओळीने सांगणाऱ्या दोघी-तिघी वस्तीत अजून आहेत. भाताची झोडणी आटोपली की संध्याकाळच्या वेळी आम्ही त्यांच्याकडे बसणार आहोत. मोबाईलवर आवाज घ्यायचा, वहीतही लिहायचे, आणि उठण्यापूर्वी सगळे वाचून दाखवायचे असे ठरले आहे.