कोताबातो : एका तहाने न मिटलेली लढाई

फिलिपिन्सच्या दक्षिणेला मिंदानाओ हे मोठं बेट आहे. तिथल्या कोताबातो शहरात आम्ही गेलो. नावाचा अर्थ दगडी कोट. 'कोता' हा आपल्या 'कोट'चाच भाऊबंद. ब्रुनेईच्या सुलतानांच्या मदतीने उभी राहिलेली इथली मशीद डोळे दिपवते. सोनेरी घुमट, चार उंच मिनार. नमाजच्या सफीत कोण कोणत्या गटातून लढला, हे ओळखता येत नाही. बाहेर मात्र याच गटांनी दोन पिढ्यांचं आयुष्य ठरवलं.

इथल्या मुसलमानांना मोरो म्हणतात. 1970च्या दशकात नूर मिसुआरींच्या मोरो राष्ट्रीय मुक्ती आघाडीने मनिलाच्या सरकारविरुद्ध बंदूक उचलली. 1976मध्ये त्रिपोलीत स्वायत्ततेचा करार झाला. पुढे हाशिम सलामत यांनी वेगळी चूल मांडली; तीच मोरो इस्लामी मुक्ती आघाडी. 1996मध्ये सरकारने मिसुआरींशी तह केला, पण सलामतांचा गट बाहेर राहिला आणि लढाई चालूच राहिली. मग त्यांच्याशी बोलणी झाली. 2008मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रदेशाच्या हक्काचा मसुदा अडवला, तेव्हा त्यांच्यातूनही उम्ब्रा कातो फुटून निघाले. 2013मध्ये, नव्या बोलण्यांत डावललं गेल्याची भावना असलेली मिसुआरींची माणसं झांबोआंगा शहरात शिरली. मोहल्ले जळाले, लाखभर लोक बेघर झाले. एकाला पाटावर बसवलं की दुसरा रुसून बाहेर, आणि भोगायचं बायकामुलांनी!

2014मध्ये मलेशियाच्या मध्यस्थीने मोठा करार झाला. 2019च्या मतदानात कोताबातोने बांगसामोरो या नव्या स्वायत्त प्रदेशाला कौल दिला. यावेळी एक शहाणपण दिसलं. 80 जणांच्या हंगामी संसदेचं नेतृत्व सलामतांच्या आघाडीकडे गेलं, पण जुन्या आघाडीच्या लोकांनाही जागा मिळाल्या. 2022मध्ये मिसुआरींची मुलंही त्यात आली.

बाजारात आम्ही केळीच्या पानात गुंडाळलेला पास्तिल, म्हणजे भात आणि चिकनचा कीस, खाल्ला. स्वस्त आणि पोटभर.

सगळं सुरळीत झालं, असं नाही. 2024मध्ये कोर्टाच्या निकालाने सुलू प्रांत बांगसामोरोबाहेर गेला. सुलू तर मिसुआरींचंच घर. भावाभावांत सुलह घडवा, हा आपल्या दीनचा हुकूम. पण सुलह दोघांत करून तिसऱ्याला दाराबाहेर ठेवलं, तर तो दार तोडतो. कोताबातोने ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन शिकली आहे.